न फळणाऱ्या झाडाचा इतिहास

कोंकणांतील घराच्या परसांत रातांब्याचें रोप लावणाऱ्या गृहस्थाला पुष्कळ धीर धरावा लागतो. बीं रुजतें, रोप वाढतें, त्याला पाणी घालणारीं मुलें मोठीं होतात, आणि सात-आठ वर्षांनीं केव्हां तरी झाडावर पहिलीं फुलें दिसतात. त्या वर्षीं घरांत आमसुलांची आणि सरबताची भाषा सुरू होते. परंतु फुलें गळून पडतात आणि फळ एकही धरत नाहीं. दुसऱ्या वर्षीं तोच प्रकार, तिसऱ्या वर्षींही तोच. अखेर एखादा जाणता शेजारी फांदीकडे पाहून निकाल देतो कीं, झाड नर आहे, त्याची आशा सोडावी. मग कित्येकदां त्या झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाड पडते.

कुऱ्हाड चालविणाराचा हिशेब वरवर पाहतां चुकीचा नसतो. ज्या झाडानें कधींच फळ द्यावयाचें नाहीं, त्यानें जागा, पाणी आणि खत कां खावें? पण हाच हिशेब सगळी आळी करूं लागली, तर फळणाऱ्या झाडांना पराग कोठून मिळावयाचा, हा प्रश्न उरतोच. नर किती ठेवावे, ते कोठें असावे, आणि माणसाची सोय न पाहतां निसर्ग ते किती ठेवतो, या तीन प्रश्नांचा इतिहास चार हजार वर्षांचा आहे. त्याचा आरंभ शेतकऱ्याच्या हातून झाला; शास्त्रज्ञ त्यांत फार उशिरां आले.

बहुतेक फुलझाडांत स्त्री-पुरुषभेद वेगवेगळ्या झाडांवर वांटलेला नसतो. जास्वंदीच्या एकाच फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. नारळांत नरफुलें आणि मादीफुलें निराळीं, पण तीं एकाच माडाच्या एकाच पोगींत येतात. याच्या पलीकडचा तिसरा वर्ग आहे. त्यांतील कांहीं झाडें केवळ पराग देतात आणि कांहीं केवळ फळें देतात. ताड, शिंदी, जायफळ, पपईच्या पुष्कळ जाती, हीं या वर्गांतलीं परिचित उदाहरणें होत. गणपतीच्या दिवसांत बाजारांत येणारें केवड्याचें सुवासिक कणीस हें नर झुडपाचें असतें. मादी केवड्याकडे कोणी फारसें फिरकतही नाहीं. अशा वनस्पतींना शास्त्रीय परिभाषेंत विभक्तलिंगी म्हणतात. सुसान रेनर या विदुषीनें २०१४ सालीं केलेल्या गणनेप्रमाणें सपुष्प वनस्पतींच्या सुमारें १५,६०० जाती या वर्गांत मोडतात. एकंदर जातींच्या मानानें हें प्रमाण शेंकडा पांच-सहा इतकें भरतें. परंतु उष्ण कटिबंधांतील वृक्षांपुरतें पाहिलें, तर तें कितीतरी अधिक आहे.

नर झाडाचा पहिला लेखी हिशेब तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या दुआबांत सांपडतो. बाबिलोनचा राजा हम्मुरबी यानें इ. स. पू. अठराव्या शतकांत आपले कायदे काळ्या शिळेवर कोरविले. ती शिळा १९०१-०२ सालीं फ्रेंच संशोधकांना इराणांतील सूसा येथें मिळाली, आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत ठेवण्यांत आली. तींतील एका कलमाचा आशय असा आहे : मालकानें आपली बाग परागणासाठीं माळ्याच्या हवालीं केली, तर माळ्यानें उत्पन्नाचे दोन हिस्से मालकाला द्यावे आणि तिसरा आपण घ्यावा. त्याला लागूनच दुसरें कलम येतें. माळ्यानें परागण केलें नाहीं आणि त्यामुळें उत्पन्न घटलें, तर शेजारच्या बागेच्या मानानें त्यानें मालकाला भरपाई द्यावी. ही बाग खजुरीची. ज्या कामांतली हयगय कायद्यानें दंडनीय ठरविली, तें काम त्या काळींही जुनें आणि सर्वांच्या ओळखीचें असलें पाहिजे.

तें काम असें. वसंताच्या आरंभीं नर खजुरीची पोगी फुटते. माळी झाडावर चढून तिच्या परागानें भरलेल्या काड्या कापून आणतो, आणि मग एकेका मादीवर चढून तिच्या उमललेल्या घोसांत त्या काड्या खोंवून बांधतो. मादीचें फूल फार थोडे दिवस पराग स्वीकारतें. तेवढी संधि हुकली, तर वर्ष फुकट जातें. रानांत हें काम वारा करतो. पण वाऱ्याच्या भरंवशावर राहावयाचें, तर बागेंत पुष्कळ नर पोसावे लागतात. माळ्यानें वाऱ्याचें काम आपल्या हातीं घेतलें, तेव्हांच पन्नास माद्यांना एक नर पुरूं लागला. वाढत्या बागेंत नर ओळखण्याची वाट पाहावी लागूं नये, म्हणून खजुरी बियांपासून न लावतां मादीच्या बुंध्याशीं फुटणाऱ्या कोंबांपासून लावण्याची रीत पडली; कारण बिया लावल्या, तर निम्मीं झाडें नर निघतात. बागेंतील नर-मादींचें प्रमाण माणसानें आपल्या सोयीप्रमाणें बदलल्याचा हा फार जुना दाखला आहे.

ही विद्या हाताला ठाऊक होती. तिचें कारण मात्र बुद्धीला उलगडलें नव्हतें. इ. स. पू. पांचव्या शतकांत ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यानें बाबिलोनी लोक नर खजुरीचा घोस मादीला बांधतात हें लिहून ठेवलें. पण त्यांतील कीटक मादीच्या फळांत शिरून तें पिकवितो, असें कारण त्यानें दिलें. अंजिराची हकीकत त्यानें खजुरीला चिकटविली. त्यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानें अधिक नेमकें वर्णन केलें : नराच्या फुलाची धूळ मादीच्या फळावर झाडली, म्हणजे फळ टिकतें. तरीही हा नियम साऱ्या वनस्पतींना लागू असेल, असें त्याच्या मनांत आलें नाहीं. त्या काळीं ‘नर’ आणि ‘मादी’ हीं विशेषणें झाडांना सर्रास लावीत. पण त्यांचा अर्थ लांकूड कठीण कीं मऊ, फळ येतें कीं नाहीं, एवढाच असे. शब्द होते, त्यांच्या मागचें तत्त्व नव्हतें.

तें तत्त्व सिद्ध व्हावयाला दोन हजार वर्षें लागलीं. जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें कामेरारियस नांवाचा वैद्य वनस्पतिउद्यानाचा प्रमुख होता. एका मादी तुतीजवळ नर तुती नसतांही तिला फळें आल्याचें त्यानें पाहिलें. फळें फोडून पाहतां आंतील बिया पोकळ निघाल्या. मग त्यानें नर आणि मादी वेगळ्या असणाऱ्या एका लहान वनस्पतीचीं मादीरोपें नरांपासून दूर ठेवलीं. त्यांनाही रुजणारें बीं धरलें नाहीं. १६९४ सालीं एका मित्राला लिहिलेल्या पत्राच्या रूपानें त्यानें हे प्रयोग प्रसिद्ध केले. परागावांचून सजीव बीं नाहीं, असें सिद्धान्ताच्या रूपानें आणि प्रयोगाच्या आधारानें सांगणारा तो पहिला. पुढें १७३५ सालीं स्वीडनच्या लिनियसनें सर्व वनस्पतींची चोवीस वर्गांत वांटणी केली, तेव्हां बाविसावा वर्ग खास या झाडांसाठीं राखला. त्याला त्यानें दिलेल्या ग्रीक नांवाचा अर्थ ‘दोन घरें’ असा होतो. नवरा एका घरीं, बायको दुसऱ्या घरीं, असा त्यांतला विनोद त्या काळच्या कांहीं सोंवळ्या पंडितांना मुळींच रुचला नाहीं.

टपालानें लागलेल्या एका लग्नाची हकीकत या काळांतलीच आहे. बर्लिनच्या उद्यानांत एक जुना मादी ताडवृक्ष होता. त्याला फुलें येत, पण रुजणारें बीं कधींच धरत नसे, कारण शहरांत त्याच्या जातीचा नर नव्हता. १७४९ सालीं ग्लेडिच नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें लाइप्झिग शहरांतील एका बागेंतून नराचा पराग मागविला आणि तो बर्लिनच्या मादीच्या फुलांवर टाकला. झाडाला फळें आलीं आणि पुढल्या वर्षीं बिया रुजल्या. शंकेखोरांचीं तोंडें बंद झालीं. त्यासरशीं आणखी एक गोष्ट उघड झाली : झाड निरोगी असून पुरत नाहीं, त्याचा जोडीदार किती दूर आहे, यावर त्याची सफलता ठरते. मोजावयाची ती केवळ संख्या नव्हे, अंतरही मोजावें लागतें.

याच गोष्टीचा व्यापारी अनुभव जायफळाच्या मळेवाल्यांना आला. जायफळाचें मूळ स्थान म्हणजे आजच्या इंडोनेशियांतील बांदा बेटें. १६२१ सालीं डच कंपनीनें कून या गव्हर्नर-जनरलच्या हातून तीं बेटें जिंकलीं. तेथील बहुतेक रहिवासी मारले गेले, उपासमारीनें मेले किंवा गुलाम करून नेले गेले, आणि मळे कंपनीच्या माणसांना वांटून देण्यांत आले. या झाडाचें बीं परमुलखांत जाऊं नये, म्हणून कंपनीनें पुष्कळ खबरदारी घेतली. तरीही १७७० च्या सुमारास प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्यानें रोपें मॉरिशसला आणविलीं, आणि १७९६ मध्यें बांदा इंग्रजांच्या ताब्यांत आल्यावर हजारों रोपें पेनांग व सुमात्रा येथें गेलीं.

मक्तेदारी मोडली, पण झाडानें आपला जुना नियम मोडला नाहीं. जायफळाचें रोप नर आहे कीं मादी, हें त्याला फूल येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षें, ओळखतां येत नसे. मळेवाल्यानें शंभर रोपें वाढवावीं, आणि त्यांतलीं सुमारें निम्मीं नर निघावीं, असा क्रम असे. मग जादा नर तोडावयाचे, दहा माद्यांमागें एक राखावयाचा, आणि रिकाम्या जागीं पुन्हां रोप लावून पुन्हां तितकीं वर्षें थांबावयाचें. येथें राखावयाचा नर कोणता, हेंही महत्त्वाचें ठरे. जायफळाचा पराग लहान कीटक नेतात. नर मळ्याच्या एकाच कोंपऱ्यांत उरले, तर दुसऱ्या टोकाच्या माद्या रित्या राहण्याची भीति. म्हणून नर विखरून ठेवावे लागतात. आज कोंकण व गोमंतकांतील नारळी-पोफळींच्या बागांत जायफळ लावतात, तें पुष्कळदां मादीच्या डोळ्याचें कलम असतें, आणि त्यांच्यामध्यें मोजके नर मुद्दाम पेरलेले असतात. बाबिलोनच्या माळ्याचीच ही युक्ति होय.

माणूस पन्नासांमागें एक किंवा दहांमागें एक नर ठेवतो. मग निसर्ग निम्मे नर कां जन्माला घालतो? फळांचाच विचार केला, तर ही उघड उधळपट्टी दिसते. या कोड्यानें चार्लस् डार्विनसारख्या पुरुषालाही थकविलें. १८७१ मध्यें त्यानें प्राण्यांच्या संदर्भांत त्याची चर्चा केली. परंतु १८७४ च्या आवृत्तींत, प्रश्न गुंतागुंतीचा असल्यामुळें तो पुढील पिढ्यांवर सोंपविणें बरें, असें त्यानें कबूल केलें. समाधानकारक उत्तर १९३० सालीं इंग्लंडच्या रोनाल्ड फिशर यानें आपल्या ग्रंथांत मांडलें.

फिशरचा युक्तिवाद बाजारभावाच्या उदाहरणानें चटकन् ध्यानांत येतो. प्रत्येक बीजाला एक आई आणि एकच बाप असतो. म्हणून सगळ्या नरांची मिळून संतति आणि सगळ्या माद्यांची मिळून संतति यांची बेरीज नेहमीं सारखीच. रानांत नर थोडे झाले, तर तीच बेरीज थोड्यांत वांटली जाते आणि एकेका नराच्या वांट्याला अधिक संतति येते. अशा वेळीं ज्या झाडाच्या बियांतून नर अधिक निपजतात, त्याचा वंश वाढतो, आणि नरांची टंचाई भरून निघते. माद्या थोड्या झाल्या, तर उलट घडतें. टंचाईच्या मालाला भाव चढतो आणि भाव चढला कीं माल येतो. तराजू अखेर बरोबरीवर स्थिर होतो. रानाला फळांचें पीक वाढवावयाचें नसतें. तेथें प्रत्येक झाड आपापला वंश राखतें. माळ्याचा हिशेब बागेच्या मालकासाठीं असतो. रानाला मालकच नाहीं. म्हणून त्याचा हिशेब निराळा.

तर्क मांडून झाल्यावर मोजणी आली, आणि मोजणीनें नवा पेंच टाकला. १९७० नंतरच्या दशकांत मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका देशाच्या रानांत भारतांत जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ कमलजीत बावा आणि त्यांचे सहकारी पॉल ऑप्लर यांनीं झाडांची पाहणी केली. तेथील एका कोरड्या पानगळीच्या रानांत वृक्षांच्या जातींपैकीं शेंकडा सुमारें २२ विभक्तलिंगी निघाल्या. १९७८ सालीं त्यांनीं अशा वृक्षांतील नर-मादींचें प्रमाण प्रसिद्ध केलें. कित्येक जातींत फुललेले नर फुललेल्या माद्यांहून अधिक भरले. २०१३ सालीं जगभरच्या २४३ जातींच्या नोंदी एकत्र करून पाहण्यांत आल्या. त्यांतही प्रमाण एकीकडे झुकलेल्या जातींपैकीं नरांकडे झुकलेल्या जाती माद्यांकडे झुकलेल्यांच्या सुमारें दुप्पट निघाल्या. विशेषतः दीर्घायुषी वृक्षांत आणि रसाळ फळांच्या जातींत हा कल ठळक होता.

मग फिशरची बरोबरी खोटी ठरली काय? तसें नाहीं. बीजांत प्रमाण बरोबरीचें असूनही रानांत तें बदलूं शकतें, आणि त्याचें मुख्य कारण फळ हेंच आहे. नराचें वार्षिक काम फुलांबरोबर संपतें. मादीला त्यापुढें कित्येक महिने फळ आणि बीं पोसावें लागतें. पाणी, अन्न, लांकडाची वाढ यांतून तो खर्च भागवावा लागतो. म्हणून पुष्कळ जातींत नर लहान वयांत फुलूं लागतो आणि दर वर्षीं फुलतो. मादी उशिरां फुलते, आणि एखाद्या वर्षीं भरघोस फळल्यावर पुढलें वर्ष विसांवा घेते. मोजणारा रानांत शिरला, म्हणजे त्याला फुललेलें झाडच ओळखतां येतें. न फुललेल्या झाडाचें लिंग बाहेरून कळत नाहीं. एकाच हंगामाची मोजणी त्यामुळें नरांच्या बाजूला झुकते, आणि खरा आंकडा हवा असेल, तर तींच झाडें अनेक वर्षें पाहावीं लागतात. कित्येकदां मात्र माद्या खरोखरच अधिक मरतात. तेव्हां झुकाव डोळ्यांचा नसून रानाचाच असतो.

संख्येनंतर जागेचा प्रश्न येतो. १९७६ सालीं अमेरिकेच्या यूटा प्रांतांत फ्रीमन, क्लिकॉफ आणि हार्पर या तिघांनीं पांच विभक्तलिंगी वनस्पति तपासल्या. मेपलची एक जात त्यांत होती. पाणथळ जागीं, ओढ्याकांठीं माद्या अधिक आणि कोरड्या चढावर नर अधिक, असा क्रम पांचांतही दिसला. पुढें १९९३ मध्यें त्याच मेपलवर झालेल्या अभ्यासांत नर पाणी काटकसरीनें वापरतो आणि मादी पाणी सढळ असेल तेथें वेगानें वाढते, असें आढळलें. १९७९ सालीं कोलोरॅडोच्या डोंगरांत ॲस्पेन या झाडाची पाहणी झाली. पायथ्याकडून माथ्याकडे जावें तसतसें नरांचें प्रमाण वाढत गेलें. जेथें जगणें स्वस्त तेथें मादी, जेथें महाग तेथें नर, असा स्थूल अर्थ या पाहण्यांतून निघतो.

हा अर्थ सर्वत्र लागू करण्याची घाई मात्र करूं नये. बीं आपली जागा आपण निवडीत नाहीं. तें जेथें पडतें तेथेंच त्याला रुजावें लागतें. फळें मादीखालीं पडतात, म्हणून नव्या रोपांचा घोळका मादीभोंवतीं जमतो, आणि केवळ त्यामुळेंही झाडें पुंजक्यांनीं उभीं असलेलीं दिसतात. कांहीं जातींत नर आणि माद्या सरमिसळच असतात. ॲस्पेनसारख्या झाडांत तर मुळांतून नवे सोट फुटतात, आणि एकाच बीजाचें सगळें बन होतें. यूटांतील ‘पांडो’ नांवाचें बन सुमारें ४३ हेक्टरांवर पसरलेलें असून त्यांत सुमारें ४७,००० सोट आहेत. आणि तें सगळें मिळून एकच नर झाड आहे. तेथें सोट मोजून नरांची बहुसंख्या सिद्ध करणारा एकाच माणसाचीं सत्तेचाळीस हजार मतें मोजील. शिवाय लिंगही नेहमीं अढळ नसतें. अमेरिकेंतील एका मेपलचें तेंच झाड एका वर्षीं नर तर दुसऱ्या वर्षीं मादी होऊं शकतें. आणि स्कॉटलंडमधील फोर्टिंगॉल येथील पुरातन यू वृक्ष, जो नर म्हणून ओळखला जाई, त्याच्या एका फांदीला २०१५ सालीं फळें आलेलीं दिसलीं.

एवढ्या बारकाव्यानें नर-माद्यांची गणना कशासाठीं करावयाची, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर दक्षिण आफ्रिकेंतील एका झाडानें दिलें आहे. १८९५ सालीं दरबानच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख जॉन मेडली वुड यांना ओन्गोये रानाच्या कडेला ताडासारखें दिसणारें एक सायकस वर्गांतील झाड आढळलें. त्याचे चार सोट होते आणि ते सगळे नर होते. त्याचा एक फुटवा १८९९ मध्यें लंडनजवळच्या क्यू उद्यानाला पाठविण्यांत आला. रानांतील शेवटचा सोट १९१६ सालीं सुरक्षिततेसाठीं हलविण्यांत आला, आणि १९६४ सालीं तोही वठला. आज जगांतल्या अनेक उद्यानांत या जातीचीं झाडें दिसतात, पण तीं सगळीं त्या एकाच नराचे फुटवे होत. क्यूमधील झाडाला २००४ सालीं पहिलें शंकुफूल आलें, पराग भरपूर निघाला, आणि तो घेणारी मादी कोठेंच नव्हती. २०२४ पर्यंत विमानी कॅमेऱ्यांनीं त्या रानाचा थोडासा भाग धुंडाळण्यांत आला. मादी सांपडली नाहीं. एका जातीचा शेवट कुऱ्हाडीनेंच होतो असें नाहीं. दोन घरांपैकीं एक घर ओस पडलें, कीं दुसऱ्या घराचा दिवा जळत असूनही वंश संपतो.

अशीच एक कथा खजुरीच्या देशांत सुरू झाली, पण तिचा शेवट निराळा झाला. मृत समुद्राजवळील मसादा किल्ल्याच्या १९६३ ते १९६५ च्या उत्खननांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या खजुराच्या बिया सांपडल्या होत्या. त्यांतील एक बीं २००५ सालीं लावलें असतां रुजलें. झाडाला ‘मथूशलह’ हें बायबलांतील सर्वांत दीर्घायुषी पुरुषाचें नांव मिळालें. पुढें तें फुललें, आणि नर निघालें. ज्या प्राचीन खजुराची चव पाहावयाची होती, त्याचा हा एकटा वारस फळ देऊं शकत नव्हता. संशोधकांनीं तें तोडलें नाहीं. त्यांनीं त्याची जोडीदारीण शोधली. यहूदी वाळवंटांतील इतर प्राचीन स्थळांच्या बिया लावल्या, त्यांतून कांहीं माद्या उगवल्या, आणि त्यांपैकीं ‘हॅना’ नांवाच्या मादीवर मथूशलहाचा पराग टाकला. २०२० सालीं तिला शंभरावर खजूर लागले. हम्मुरबीच्या शिळेवर ज्या कामाची मजुरी ठरविली आहे, तेंच काम त्या दिवशीं पुन्हां एकदां माणसाच्या हातानें झालें.

परसांतल्या रातांब्याकडे परत यावें, तर शेजाऱ्याचा निकाल खरा असतो. झाड नर असतें आणि त्याला फळ येत नाहीं. पण त्यावरून काढलेला अर्थ अपुरा असतो. मादीच्या प्रत्येक सजीव बीजांत अर्धा वारसा कोण्या तरी नराचा असतो, मग तो शेजारच्या परसांत असो, डोंगरउतारावर असो, कीं कोणाच्या लक्षांतही न येणाऱ्या गडग्याच्या कडेला असो. बागवानानें आपल्या बागेंत नर थोडे ठेवावे. तो त्याचा अधिकार आहे, आणि पराग पोंचविण्याची जबाबदारीही तो पत्करतो. परंतु रानांत ती जबाबदारी घेणारा माळी नाहीं. तेथें निसर्गानें ठेवलेलें प्रमाण आणि पसरलेलें अंतर हेंच त्या जातीचें भांडवल होय. म्हणून आळींतला शेवटचा नर कोणता, हें मोजल्याशिवाय कुऱ्हाड उचलूं नये.